छंद कोणता आणि व्यसन कोणते?

मनुष्यास एखादा छंद असावा, ह्या मताचे आम्ही आहोत. पोटापाण्याच्या उद्योगातून जो थोडाबहुत अवकाश उरतो, तो एखाद्या विषयात मन लावून घालविणाऱ्या गृहस्थाची बुद्धी गंजत नाही, जीभ परनिंदेस प्रवृत्त होत नाही आणि म्हातारपण त्यास खावयास उठत नाही. जुनी नाणी जमविणारा असो, नेरूळच्या डीपीएस तलावाकाठी पहाटे उभा राहून रोहित पक्ष्यांचे थवे मोजणारा असो, की गच्चीवर गुलाब वाढविणारा असो, अशा छांदिष्टांविषयी आम्हांस आदरच वाटतो. तेव्हा नेरूळच्या सुखवस्तू मंडळींत दिसून येणाऱ्या एका छंदाविषयी आज जे लिहावयाचे आहे, ते छंदमात्राच्या द्वेषाने नव्हे, हे प्रथमच सांगून ठेवतो. हा छंद सिगारांचा. आपल्या आजोबा-पणजोबांच्या भाषेत बोलावयाचे तर चिरुटांचा.

परवा अशाच एका गृहस्थांच्या घरी जाण्याचा आम्हांस योग आला. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, तेव्हा नेरूळ हे भातशेती व मासेमारी यांवर जगणारे आगरी-कोळ्यांचे गाव होते. आज त्याच गावाच्या शिवारात पाम बीच रस्त्यालगत उंचच उंच इमारती उभ्या आहेत, आणि त्यांपैकीच एकीत हे गृहस्थ राहतात. सुशिक्षित, मृदुभाषी, आल्यागेल्याचे अगत्य करणारे. दिवाणखान्यात काचेच्या झाकणाची एक लाकडी पेटी होती व तीत पाचपन्नास चिरूट ओळीने निजविलेले होते. पेटीचे लाकूड 'स्पॅनिश सीडर' ह्या नावाचे. नावात सीडर असले तरी ते देवदाराच्या जातीचे नव्हे, आपल्या कडुनिंबाच्या कुळातले आहे, ही माहिती त्यांनीच आम्हांस दिली. पेटीत आर्द्रता शेकडा ६५ ते ७० आणि उष्णता सुमारे २० अंश सेल्सिअस राहिली पाहिजे. नेरूळात हे साधणे सोपे नाही. मृगापासून हस्तापर्यंत खाडीवरची हवा इतकी दमट असते की चिरूट फुगतात व त्यांवर बुरशी धरते. वैशाखात उष्मा वाढला की पानात दडलेल्या अंड्यांतून तंबाखूचा किडा निघतो आणि टाचणीने टोचल्यासारखी भोके पाडून सबंध पेटीचा फडशा उडवितो. बरे, खोली यंत्राने गार ठेवावी, तर हवा कोरडी होऊन आवरणाचे पान तडकते. म्हणून पेटीत एक लहानसा आर्द्रतामापक बसविलेला असतो, आणि तान्ह्या मुलाचा ताप पाहावा तसे हे गृहस्थ सकाळ-संध्याकाळ त्याचा काटा पाहतात.

त्यांची एक वहीही आम्ही पाहिली. प्रत्येक चिरुटाची लांबी इंचांत व जाडी इंचाच्या चौसष्टाव्या भागांत. आतले भरण कोणत्या देशाचे, त्यास बांधणारे पान कोणते, वरचे आवरण कोणते. धूर पहिल्या तृतीयांशात कसा लागला, शेवटच्यात कसा. राख किती वेळ टिकली. क्यूबाच्या पिनार देल रिओ प्रांतातील पान आणि निकाराग्वाचे पान यांतील भेद त्यांनी आम्हांस असा समजावून दिला, की एखाद्या शास्त्रीबुवांनी पाठभेद उलगडून दाखवावा. खरे सांगावयाचे तर त्या ज्ञानाचे आम्हांस कौतुक वाटले. इतकी सूक्ष्म रसना आणि इतका चिकाटीचा अभ्यास ही काही निंदा करण्याजोगी वस्तू नव्हे. महिन्यातून एकदा समानशील मित्रांची बैठक इमारतीच्या गच्चीवर भरते व तेथे वह्या ताडून पाहिल्या जातात, असेही त्यांनी सांगितले.

निरोप घेऊन खाली उतरलो, तो दाराशी गृहसंस्थेचा फलक दिसला. त्यावर एक सूचना होती : रखवालदार, सफाईगार अथवा घरकामाची माणसे यांपैकी कोणी आवारात विडी ओढताना आढळल्यास दंड करण्यात येईल. सूचनेत चिरुटाचा उल्लेख नव्हता.

आमचा आजचा विषय हाच आहे. इमारतीच्या माथ्यावर जो छंद, तोच तिच्या पायथ्याशी व्यसन कसा होतो? वर ओढणाऱ्यास रसिक म्हणावयाचे आणि खाली ओढणाऱ्यास दंड करावयाचा, हा न्याय कोणत्या स्मृतीत सांगितला आहे? तंबाखूचे पान तर दोहोंकडे एकाच जातीचे. भेद असलाच तर किमतीचा, पेटीचा आणि ओढणाऱ्याच्या अंगावरील वस्त्राचा. श्रीमंताची खोड ती हौस आणि गरिबाची हौस ती खोड, असा हा व्यवहार आहे. आणि ज्या समाजास आपण सुधारलेला म्हणवून घेतो, त्यास तो शोभत नाही.

कायद्याने तरी हा भेद मानलेला नाही. तंबाखूजन्य पदार्थांविषयीचा जो कायदा २००३ साली झाला, त्याची अनुसूची वाचकांनी एकदा अवश्य पाहावी. तीत सिगारेट, सिगार, चिरूट आणि विडी ही नावे एकाखाली एक, एकाच पंक्तीस बसविली आहेत. त्यापूर्वी १९६६ साली कामगारांच्या रक्षणासाठी जो कायदा झाला, त्याचेही नाव 'विडी व सिगार कामगार' असेच जोडीचे होते. कायदे करणाऱ्यांना जे एक दिसले, ते आमच्या गृहसंस्थांना दोन दिसते. कारण कायद्याने वस्तू पाहिली आणि आपण ओढणारा पाहिला.

हा दृष्टिदोष आजचा नव्हे. हे पान पोर्तुगीजांच्या गलबतांतून आपल्याकडे आले. चिरूट हा शब्द मुळात तमिळ. 'गुंडाळलेले' असा त्याचा अर्थ. पोर्तुगीजांनी तो उचलला व जगभर नेला. सतराव्या शतकाच्या आरंभी अकबराचा सरदार असद बेग विजापुरास गेला असता त्यास तेथे तंबाखू मिळाली. रत्नजडित नळी करवून त्याने ती बादशहापुढे ठेविली. बादशहाने कौतुकाने दोन-चार झुरके घेतले. हकिमाने हरकत घेतली, ती दरबारी मंडळींना रुचली नाही. बादशहाने सवय लावून घेतली नाही, परंतु अमीर-उमरावांनी पान मागून घेतले, मागणी पाहून व्यापाऱ्यांनी ते विकावयास आणिले, आणि थोड्याच काळात ते घरोघर पोहोचले. १६१७ साली जहांगिराने मनाईहुकूम काढला, तोवर फार उशीर झाला होता. ह्या कथेचे तात्पर्य असे, की व्यसन नेहमी जडावाची नळी घेऊन वरच्या दाराने प्रवेश करते. खालच्या ओसरीवर ते चिलीम होऊन मागाहून येते. वरच्या मंडळींनी ज्यास प्रतिष्ठा दिली, त्याबद्दल खालच्यांना दंड करण्याचा अधिकार मग त्यांच्याकडे कितपत उरतो?

आता छंदी मंडळींचे आक्षेप विचारात घेऊ. ते पहिल्याने असे म्हणतात, की चिरुटाचा धूर आम्ही फुप्फुसांत घेत नाही, केवळ तोंडात खेळवितो. हे बहुतांशी खरे आहे, परंतु त्यातून निघणारे अनुमान खरे नाही. चिरुटाच्या धुरातील निकोटिन तोंडाच्या आतील त्वचेतूनच रक्तात उतरते. धूर गिळला नाही म्हणून सुटका होत नाही. एका मोठ्या चिरुटात कधी कधी सिगारेटच्या सबंध पाकिटाइतकी तंबाखू असते. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९९८ साली केवळ चिरुटांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. तोंड, घसा, अन्ननलिका व फुप्फुसे यांचे कर्करोग नित्य चिरूट ओढणाऱ्यांस होतात, असा निष्कर्ष त्यात दिला आहे. क्वचित ओढणाऱ्यास धोका नित्य ओढणाऱ्याहून कमी, हे आम्ही मान्य करतो; पण कमी म्हणजे शून्य नव्हे, आणि महिन्यातून एकदाची बैठक आठवड्यावर व आठवड्याची रोजावर कशी येते, हे ज्याचे त्यास ठाऊक असते.

दुसरा आक्षेप दाखल्याचा. विन्स्टन चर्चिल आयुष्यभर चिरूट ओढीत राहिले आणि नव्वद वर्षे जगले. त्यांच्या नावाचा सात इंची चिरूट आजही विकला जातो. ठीक. परंतु दाखले द्यावयाचे तर सर्वच द्यावे. मानसशास्त्राचे आचार्य सिग्मंड फ्रॉइड यांस चिरुटाचा असाच नाद होता. १९२३ साली त्यांस तोंडाचा कर्करोग झाला. पुढील सोळा वर्षांत तीसांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. जबड्यात कृत्रिम भाग बसवून ते बोलत व जेवत, आणि १९३९ साली त्या यातनांतच त्यांचा अंत झाला. अमेरिकेचे सेनापती व राष्ट्राध्यक्ष ग्रँट १८८५ साली घशाच्या कर्करोगाने गेले, तेही चिरुटाचेच भक्त. आणि इतके दूर तरी कशास जावे? आंध्रच्या किनाऱ्यावरील खेड्यांत स्त्रिया 'चुट्टा' नावाचा गावठी चिरूट पेटते टोक तोंडात धरून ओढतात. त्यांच्या टाळूला होणाऱ्या कर्करोगावर वैद्यकीय ग्रंथांतून स्वतंत्र प्रकरणे लिहिली गेली आहेत. त्यांच्या नावाचा चिरूट मात्र कोणी काढला नाही.

हे वाचून, तर मग विडी निर्दोष, असे कोणी समजू नये. नेरूळच्या रहिवाशास ह्याचे प्रमाण शोधावयास लांब जावयाचे कारण नाही. पनवेलच्या गाडीत बसले की दुसरे स्थानक बेलापूर; तेथील हीलिस सेखसरिया संस्थेशी ज्यांचे नाव निगडित आहे, ते डॉ. प्रकाश गुप्ता व त्यांचे सहकारी यांनी मुंबईतील सुमारे एक लाख प्रौढ माणसांची वर्षानुवर्षे पाहणी केली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत, तंबाखूस न शिवणाऱ्या पुरुषांच्या मानाने सिगारेट ओढणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण शेकडा ३७ ने व विडी ओढणाऱ्यांत शेकडा ६४ ने अधिक आढळले. तिसरे स्थानक खारघर. परळला १९४१ साली सुरू झालेल्या टाटा रुग्णालयाचे संशोधन व उपचार केंद्र तेथे आहे. तोंडाच्या व घशाच्या रोग्यांची जी रांग अशा रुग्णालयांत लागते, तीत रखवालदारही असतो आणि गृहस्थही असतो. रोगाने तेथे पेटीची किंमत विचारलेली नसते.

तेव्हा फलकावरील दंडाची सूचना काढून टाकावी आणि रखवालदारास खुशाल विडी ओढू द्यावी, असे आमचे म्हणणे नव्हे. आमचे म्हणणे उलट आहे. ज्या नियमाने रखवालदाराचे हित होते, त्याच नियमाने मालकाचेही होते. आणि जो नियम मालक स्वतः पाळीत नाही, तो रखवालदाराच्या हिताचा राहत नाही, केवळ त्याच्या अपमानाचा होतो.

आणखी एक गोष्ट आम्हांस त्या वहीत खटकली. तीत पानाची जात होती, शेत कोणत्या प्रांतातले हे होते, किती वर्षे मुरविले हेही होते. चिरूट वळला कोणी, ह्याचा मात्र रकाना नव्हता. क्यूबात ह्या हातांचा एक इतिहास आहे. १८६५ साली हवानाच्या 'एल फिगारो' कारखान्यात कामगारांनी अशी चाल पाडली, की सर्वांनी चिरूट वळीत राहावे आणि एकाने मोठ्याने वर्तमानपत्रे व पुस्तके वाचून दाखवावी. वाचणाऱ्याचे वेतन इतरांनी आपल्या मजुरीतून द्यावे. पुढल्याच वर्षी सरकारने ती बंद पाडण्याचा हुकूम काढला. तरी ती मेली नाही. काही प्रसिद्ध चिरुटांना रोमिओ-ज्युलिएट व माँटे क्रिस्टो अशी वाङ्मयातील नावे आहेत, त्यांतही त्या वाचनाची खूण सापडते. ज्ञानाची ही तहान पाहून कोणाही वर्तमानपत्रकर्त्याचे मन भरून यावे.

आणि आपल्या इकडील हात? देशात सरकारदरबारी नोंदलेल्या विडी कामगारांची संख्या पन्नास लाखांच्या घरात आहे, आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया. वैशाखाच्या उन्हात गोंदिया-गडचिरोलीच्या रानांत टेंभुर्णीची पाने तोडली जातात. निपाणीच्या काळ्या जमिनीत तंबाखू पिकते. सोलापुरात, सिन्नरात, संगमनेरात बाया सुपात पाने-तंबाखू घेऊन बसतात आणि हजारावर मजुरी मोजून घेतात. पाने भिजवावी, कातरावी, वळावी, दोरा बांधावा. दिवसाकाठी हजार विड्या वळून जे हाती पडते, त्याच्या कित्येक पट किंमत एका उंची परदेशी चिरुटास पडते. तंबाखूची पूड घरभर उडते. तान्हे मूल त्याच खोलीत निजलेले असते. त्या खोलीच्या हवेचे मापन कोणी करीत नाही. निपाणीच्या शेतकऱ्यांनी १९८१ साली ह्याच पानाच्या भावासाठी हमरस्त्यावर ठाण मांडले, तेव्हा गोळीबारात बारा जणांचे प्राण गेले. आणि सोलापूरच्या विडी वळणाऱ्या स्त्रियांनी वर्षानुवर्षे झगडून कुंभारी येथे गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी करविली. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते त्या घरांचे वाटप झाले. रसिकाने पानाची इतकी बारकाईने चौकशी करावी आणि ह्या माणसांची अजिबात करू नये, हे त्याच्या रसिकतेसही उणेपण आणणारे आहे.

आता व्यवहाराचे बोलू. कारण केवळ दोष दाखवून थांबणे हे आमचे व्रत नव्हे. प्रौढ मनुष्याने आपल्या घरात, दार लावून, धोका जाणून काय करावे, ह्यात सरकारने वा आम्ही हात घालावा असे आम्हांस वाटत नाही. परंतु घराबाहेर ज्या गोष्टी प्रतिष्ठा म्हणून मिरविल्या जातात, त्यांविषयी बोलण्याचा समाजास अधिकार आहे. लग्नसमारंभात पाहुण्यांसाठी चिरुटांचे ताट मांडण्याची जी नवी चाल काही घरांत पडत आहे, ती यजमानांनी वेळीच मोडावी. मंडपात मुले असतात. आजोबांच्या हाती ज्याचा मान झाला ते विष आहे, असे उद्या त्यांस कोणत्या तोंडाने सांगणार? दिवाळीची भेट म्हणून चिरुटांची पेटी देण्याऐवजी मिठाईचा पुडा काय वाईट? व्यापारी बंधूंनी लक्षात ठेवावे, की अठरा वर्षांखालील मुलास तंबाखू विकू नये आणि शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत ती विकू नये, हा नियम विडीच्या टपरीस जसा, तसा काचेच्या कपाटातील चिरुटासही लागू आहे. दुकान देखणे असले म्हणून कायदा दाराबाहेर थांबत नाही.

गृहसंस्थांस आमची सूचना इतकीच, की फलकावरील ती ओळ बदलावी. 'ह्या आवारात, गच्चीवर व जिन्यात कोणीही धूम्रपान करू नये' असे सरळ वाक्य लिहावे. त्यात रखवालदार आला, सभासद आला आणि अध्यक्षही आला. आणि दंडाची रक्कम लिहावयाची तेथे व्यसनमुक्तीसाठी सरकारने चालविलेल्या साहाय्यसेवेचा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक, १८००-११-२३५६, हा लिहावा. नेरूळात दंतवैद्यकाची दोन महाविद्यालये आहेत. रखवालदारास वर्षातून एकदा तेथे तोंड तपासून घेण्यास अर्ध्या दिवसाची भरपगारी रजा दिली, तर दंडाने न साधणारे कार्य साधेल.

राहता राहिले आमचे यजमान. त्यांच्या सूक्ष्म रसनेस, वहीस व चिकाटीस आम्ही मघाशी मान दिला, तो परत घेत नाही. तिचा उपयोग करावयास कोकणातील आंबे आहेत, निलगिरीचा चहा आहे, कूर्गची कॉफी आहे. एकेकाच्या जाती, मुरवणी व चवी ताडून पाहण्यात एक जन्म पुरणार नाही. परंतु चिरूट सोडवतच नसेल, तर निदान आज रात्री वही उघडून तीत एक नवा रकाना आखावा, त्यावर 'वळणारे हात' असे लिहावे, आणि पुढच्या बैठकीस गच्चीवर जाताना दारातील रखवालदारासमोरून तो चिरूट हातात उघडा धरून जावे. त्या क्षणी मनास जर संकोच वाटला नाही, तर त्यास खुशाल छंद म्हणावे. वाटला, तर त्याचे खरे नाव त्यांस कळलेच आहे.